मोजपट्टी: कठडा, पोट आणि मधले चार इंच

प्रश्न: ताई, आम्ही गेली सहा वर्षं ३२ फुटी फिफ्थ-व्हील ट्रेलर (राहायचा ट्रेलर, ज्याचं नाक पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात, म्हणजे बेडमध्ये, टेकतं) ओढतोय. यंदा जुना पिकअप विकून नवा, फोर-बाय-फोर घेतला. हिच, म्हणजे बेडमधला ट्रेलर अडकवायचा सांधा, जुनाच बसवला. जोडल्यावर ट्रेलरचं नाक वर आणि शेपूट खाली दिसायला लागलं. वर्कशॉपमधल्या माणसाने हिच दोन भोकं, म्हणजे तीन इंच, खाली उतरवून दिला. ट्रेलर एकदम सपाट झाला, आम्ही खूश. पण पहिल्याच मुक्कामाला, कॅम्पग्राउंडच्या फाट्यावर चढ संपून तिरकं खाली वळताना मागून कर्रर्र असा आवाज आला. उतरून पाहिलं तर बेडच्या डाव्या कठड्याला, टेलगेटजवळ (मागच्या झडपेजवळ), चांगलाच पोचा. हिच वर घेतला तर नाक वर जातं, खाली ठेवला तर पोचा. एक मित्र म्हणतो, हिचला हात लावू नको, पिनबॉक्स (ट्रेलरच्या नाकाखालची पेटी, जिची पिन हिचमध्ये अडकते) खाली घे. दुसरा म्हणतो, पिकअपच्या मागच्या स्प्रिंगांना एअरबॅग (हवा भरायच्या रबरी पिशव्या) लाव. जोडलेल्या स्थितीत, सपाट जागेवर मोजलं: जमिनीपासून कठडा ५७ इंच, त्याच्या वरचा ट्रेलरचा तळ जमिनीपासूनच ६१ इंच. कोणाचं ऐकू?

उत्तर: तो कर्रर्र मला पाठ आहे. आमच्या पिकअपच्या उजव्या कठड्यालाही बोट मावेल एवढी खोक आहे. इंधन भरून पंपाच्या उंच फरशीवरून रस्त्यावर उतरत होतो, मी चालवत होते आणि यजमान फोनवर पुढचा मुक्काम शोधत होते. तीस वर्षं मी कारखान्यात तपासणी विभागात काढली. हजारांश इंचासाठी लोकांचा माल परत पाठवला. आणि स्वतःच्या गाडीचं माप मात्र नुसतं डोळ्यांनी घेतलं होतं. ती खोक मी मुद्दाम दुरुस्त करून घेतलेली नाही.

दोन्ही आकडे तुम्ही दिलेत, त्याबद्दल आधी शाबासकी. बहुतेक पत्रांत ‘नाक जरा वर वाटतं’ एवढंच असतं. आता अजून दोन मापं घ्या. हिचच्या ताटाचा (ज्या प्लेटवर ट्रेलर टेकतो तिचा) वरचा पृष्ठभाग कठड्यापेक्षा किती खाली आहे, आणि पिनबॉक्सची खालची प्लेट ट्रेलरच्या तळापासून (मी त्याला पोट म्हणते) किती खाली लोंबते. तुमच्या आकड्यांवरून अंदाज करते: ताट कठड्याच्या ८ इंच खाली असेल, तर पिनबॉक्स पोटाच्या १२ इंच खाली असणार. बारातून आठ गेले, उरले चार. तुमची सगळी मोकळी जागा या एका वजाबाकीत आहे.

आता मित्रांचे सल्ले याच वजाबाकीत घालून बघा. पिनबॉक्स एक भोक खाली घेतला तर १२ चे साडेतेरा होतात. हिच एक भोक वर घेतला तर ८ चे साडेसहा होतात. दोन्हीकडे मोकळी जागा दीड इंचाने वाढते आणि दोन्हीकडे नाक दीड इंचच वर जातं. एकाच दोरीची ही दोन टोकं आहेत, कुठलंही ओढा. मी हिचचं टोक ओढते, कारण त्याचे बोल्ट बेडमध्ये उभं राहून काढता येतात. पिनबॉक्स एकट्याला पेलणारा नाही. बोल्ट सुटल्यावर तो सरळ पायावर येतो. तोच हलवायचा असेल तर ट्रेलर सोडवून, पिनबॉक्सखाली जॅक देऊन, सोबत दुसरं माणूस घेऊन.

एअरबॅगवाल्या मित्राला सांगा, हवा भरली की पिकअपचा मागचा भाग उचलला जातो आणि त्यासोबत ताट, कठडा, पोट सगळेच वर जातात. आठ आठच राहिले आणि बारा बाराच. कठड्यावरची जागा जवळपास तेवढीच राहिली, नाक मात्र आणखी वर गेलं. पिन टेकल्यावर पिकअप दोन-तीन इंच बसतो, त्याला घाबरून लोक एअरबॅग लावतात. तुमच्या बाबतीत ते बसणं उपकारच करतंय. फिफ्थ-व्हीलच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिनवर येतो. १२,००० पौंडांचा ट्रेलर असेल तर पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलजवळ २,४०० पौंड येऊन बसतात. ते त्या अ‍ॅक्सलला झेपतात का, हे दाराच्या चौकटीवरचं लेबल आणि ट्रक स्टॉपवरचा वजनकाटा सांगेल. झेपत नसतील तर एअरबॅगने गाडी सरळ दिसेल, पण अ‍ॅक्सलची ताकद एका पौंडानेही वाढणार नाही.

सपाट रस्त्यावर चार इंच पुष्कळ वाटतात, मग फाट्यावर कुठे गेले? हिचपासून टेलगेटपर्यंत साधारण ४ फूट, म्हणजे ४८ इंच धरा. चढ संपला, पिकअप पलीकडच्या ५ टक्के उतारावर उतरला आणि ट्रेलर अजून अलीकडच्या ५ टक्के चढावरच आहे. दोघांच्या उतारात १० टक्क्यांचा फरक पडला. ४८ इंचांवर १० टक्के म्हणजे ४.८ इंच. पुढचं तोंड खाली गेलं की बेडची मागची कड तेवढी वर येते. तुमच्याकडे होते ४. तिरकं वळत होतात, म्हणजे गाडी एका अंगाला कललीही असणार. मध्यापासून कठडा ३ फुटांवर धरला, तर ५ टक्के कलण्याने एका बाजूचे आणखी पावणेदोन इंच जातात. पोचा डाव्याच बाजूला आणि टेलगेटजवळच का पडला, याचं उत्तर यात आलं. आणि टेलगेट बंद असेल तर त्याची वरची कडही तपासा, तिथे रंग खरवडलेला सापडेल.

म्हणून हिचच्या पुस्तिकांत कठडा आणि पोट यांच्यात किमान साडेपाच-सहा इंच ठेवायला सांगतात. माझ्या हिशोबाने वाईट जागी सहाही कमी पडतात, हे वरच्या बेरजेत दिसतंच. पण त्याहून जास्त मागितले तर ट्रेलर आकाशाकडे बघायला लागतो.

तुमच्यासाठी माझं उत्तर: या हंगामात हिच एक भोक वर घ्या. जागा साडेपाच इंच होईल आणि नाक दीड इंच वर जाईल. तेवढं चालवून घ्या. पिनपासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपर्यंत अंदाजे २० फूट, म्हणजे २४० इंच. त्यावर दीड इंच उंची. दोन अ‍ॅक्सलमध्ये ३३ इंचांचं अंतर धरलं तर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधला फरक पाव इंचही भरत नाही. कमानपाटे असतील तर दोन्हींमधला इक्वलायझर एवढा फरक गिळतो आणि दोन्ही अ‍ॅक्सलवर वजन वाटत राहतो. रबरावर चालणारे टॉर्शन अ‍ॅक्सल असतील तर प्रकरण वेगळं. त्यांच्यात वाटणी करणारं मधे काही नसतं, मागच्या अ‍ॅक्सलला ज्यादा भार सोसावा लागतो. तसे असतील तर वजनकाट्यावर दोन्ही अ‍ॅक्सल वेगवेगळे मोजून घ्या, आणि थांब्यावर मागच्या टायरना हात लावून ते गरम झालेत का बघत जा.

पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणण्यात माझं आयुष्य गेलं, आणि तीच मी तुम्हाला दीड इंच तिरकं चालवा म्हणतेय. कारण सरळ आहे. थोडं वर गेलेलं नाक सावकाश त्रास देतं, टायर हाताला गरम लागतात, लक्षात येतं. कठडा आणि पोट एकमेकांना भिडतात ते क्षणात, आणि तेव्हा फक्त पत्रा जात नाही, ट्रेलरच्या पुढच्या चौकटीलाही धक्का बसतो. त्या तळाखालचं आवरण सोडवून आत एकदा नजर टाका. वेल्डिंगला तडा गेलेला नाही ना, बघा.

कायमचा इलाज हवा असेल तर ट्रेलरच वर उचलावा लागेल. कठडा ५७, त्यावर सहा, म्हणजे पोट ६३ वर हवं. तुमचा ट्रेलर सपाट असताना ते ६१ वर आहे. दोन इंच कमी, आणि ते हिच किंवा पिनबॉक्स देऊ शकत नाहीत.

पण उचलण्याआधी तो खचलाय का, हे पाहा. सहा वर्षांत सामान वाढतं, पाटे चपटे होतात, त्यांचे बुश झिजून भोकं लांबट होतात. अ‍ॅक्सलच्या नळीपासून चौकटीपर्यंतचं अंतर चारही चाकांपाशी मोजा. चारही आकडे सारखे नसतील, किंवा वजन असताना पाटा सरळ रेषेत आलेला असेल, तर नवे पाटे आणि बुश टाका. गेलेली उंची परत मिळेल आणि कदाचित तेवढ्यावरच भागेल.

चाकं १५ इंची असतील तर १६ इंची घेण्याचा मार्ग आहे. २२५/७५ आर १५ चा व्यास सुमारे २८.३ इंच, २३५/८० आर १६ चा ३०.८. निम्मा फरक जमिनीवरून मिळतो: सव्वा इंच. मात्र दोन टायरांमध्ये, आणि चाकाच्या घरात वरच्या बाजूला, जागा उरते का ते आधी बघायचं. पाटा पूर्ण दबला की टायर वर कुठे टेकतो हा खरा प्रश्न आहे. उभ्या ट्रेलरखाली वाकून तो सुटत नाही.

आणि लोक उत्साहाने करतात तो तिसरा उपाय: सध्या पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जात असतील तर ते वरून घ्यायचे. नळीची जाडी आणि पाट्यांची चळत मिळून साधारण पाच इंच मिळतात. तुम्हाला हवेत दोन. शिवाय अ‍ॅक्सल उलटा फिरवायचा नसतो. त्याला मधे वर उचललेला हलका बाक असतो, तो वरच राहायला हवा. पाट्यांच्या बैठका दुसऱ्या अंगाला नव्याने वेल्ड करायच्या असतात. इतका खटाटोप दोन इंचांसाठी मी करणार नाही. चौकट आणि पाट्यांचे हँगर यांच्यामध्ये बसणारे दोन-तीन इंची संच मिळतात, ते पुरतात.

ट्रेलर उचलला की छपरावरच्या एसीच्या झाकणापर्यंत उंची पुन्हा मोजा आणि आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कमाल उंची १३ फूट ६ इंच, पश्चिमेकडच्या काही राज्यांत १४ फूट. ही तुमच्या गाडीची कायदेशीर मर्यादा झाली. पूल तेवढे उंच असतीलच, हे तिच्यात कुठेही लिहिलेलं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहम शहरात ग्रेगसन स्ट्रीटवर ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वेपूल होता. इतक्या ट्रकांची छपरं त्याने सोलली की लोक त्याला कॅन ओपनर म्हणायला लागले. २०१९ मध्ये तो ८ इंच उचलून १२ फूट ४ इंच केला. त्यानंतरही छपरं सोलली जातच आहेत.

बोल्ट हलवल्यावर पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळा, आणि पहिल्या ५० मैलांनंतर थांबून पुन्हा एकदा. नवा बोल्ट पहिल्या फेरीत थोडा बसतो.

प्रश्न: परवा ट्रेलर जोडला, हिचचं हँडल आत गेलं, त्याची कुलूप-पिन लावली. ट्रेलरचे पुढचे टेकू-पाय उचलले आणि पाच फूट पुढे गेलो तर ट्रेलर धाडकन बेडवर. दोन्ही कठडे चेपले. हिचचा जबडा बंद दिसत होता. मग काय चुकलं?

उत्तर: ट्रेलर उंच होता. किंगपिनचा, म्हणजे पिनबॉक्सखालच्या जोडणीच्या पिनचा, आकार आठवा: २ इंच जाडीची मान आणि तिच्याखाली रुंद टाच. जबड्याने मान पकडायची असते. नाक इंचभर जरी जास्त उंच असलं तर मान जबड्याच्या वर राहते आणि जबडा नुसता टाचेपाशी मिटतो. हँडल आत जातं, कुलूप-पिन लागते, सगळं ठीक वाटतं. ओढलं की टाच निसटते.

पिकअप मागे घेताना पिनबॉक्सची प्लेट हिचच्या ताटाच्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली असायला हवी. म्हणजे ताट आधी प्लेटखाली शिरतं, तिला थोडं उचलतं आणि मग पिन खाचेत येते. आमच्याकडे हे काम यजमान बघतात. ते हात वर-खाली करत राहतात, मला त्यातलं काही कळत नाही. शेवटी मीच उतरते आणि प्लेटीच्या रेषेत डोळा लावते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, खुणा अजून ठरल्या नाहीत.

जोडून झाल्यावर टॉर्च घेऊन बाजूने बघा. ताट आणि प्लेट यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसला तर जोडणी झालेली नाही, हँडल काहीही म्हणो. मग ट्रेलरच्या चाकांना अडण्या असताना आणि पाय जमिनीला जेमतेम टेकलेले असताना केबिनमधल्या ब्रेक कंट्रोलरवरून हाताने ट्रेलरचे ब्रेक दाबून धरायचे आणि पिकअप हलकेच पुढे ओढायचा. सुटायचंच असेल तर इथे सुटू दे. पाय खाली आहेत, नाक इंचभर खाली येईल आणि थांबेल. तुमचे पाय आधीच वर गेले होते, म्हणून कठडे गेले.

ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) हिचला बांधू नका. हिच बेडमधून उखडला तर तारही त्याच्याबरोबर जाईल आणि ब्रेक लागणारच नाहीत. ती पिकअपच्या बेडला पक्की हवी.

प्रश्न: आमचा बेड साडेसहा फुटी आहे. वळताना ट्रेलर केबिनला लागू नये म्हणून सरकता (बेडमध्ये मागे सरकवता येणारा) हिच घ्यावाच लागेल का? वर्कशॉपवाले म्हणतात, सावकाश वळलं तर काही होत नाही.

उत्तर: सावकाश वळलं तर मागची काच सावकाश फुटेल. कोन वेगावर ठरत नाही.

टेप घ्या. हिचच्या मध्यापासून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंत मोजा. ट्रेलर ८ फूट रुंद असेल तर निम्मे ४८ इंच, साडेआठ फुटी असेल तर ५१. काटकोनात वळल्यावर ट्रेलरची बाजू पिनपासून तेवढी लांब येते. तुमचं माप याहून कमी असेल तर कुठल्यातरी कोनात केबिनला लागणार. पुढचे कोपरे गोल किंवा कापलेले असले तर थोडी सूट मिळते, पण पिनच्या पुढे नाक किती आलंय, तेही मोजावं लागतं. आठ फुटी बेडचा साडेसहा फुटी करताना कंपन्या तो दीड फूट जवळपास सगळा अ‍ॅक्सलच्या पुढूनच काढतात, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो.

सरकता हिच घेतलात तर मागे सरकवायचा तो फक्त मुक्कामाच्या जागी, वळवून लावताना. रस्त्याला लागायच्या आधी पुढे घेऊन कुलूपबंद. पिन अ‍ॅक्सलच्या मागे ठेवून धावलात तर पिकअपचं पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. आणि मागे सरकवल्यावर कठडा व पोट यांच्यातली जागा परत एकदा बघा; सपाट जागेवर ती तेवढीच दिसेल, पण ओबडधोबड जागी पुढच्या बाजूला कमी पडू शकते, कारण आता हिचच्या पुढे बेडचा जास्त भाग आहे.

प्रश्न: माझा सात वर्षांचा नातू विचारतो, पाचवं चाक कुठे आहे? पिकअपला चार, ट्रेलरला चार. मी निरुत्तर.

उत्तर: घोडागाडीच्या काळात पुढचा अ‍ॅक्सल वळावा म्हणून तो आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये एक चाक आडवं बसवायचे. चार चाकं रस्त्यावर, पाचवं हे असं पालथं. आता त्या जागी हिचचं ताट आहे, त्याच्यावर ट्रेलर टेकतो आणि वळतो. ट्रेलर सोडवलेला असताना नातवाला बेडमध्ये चढवा आणि दाखवा. हात मात्र लावू देऊ नका, ते ग्रीस कपड्यांवरून जात नाही.